घोडदळाची हानी फाशांवर कशी मोजावी?

गिरगावकर:
आमचा चौघांचा गट इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्यातली असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) बाहुल्या आणि फासे घेऊन टेबलावर खेळण्यासाठी स्वतःचे नियम लिहीत आहे. चाळीच्या खोलीत पुरेसे मोठे टेबल मावत नाही, म्हणून शेजाऱ्यांचे मागून आणून जोडतो. पायदळाचे नियम एवढ्या जागेत नीट बसले, घोडदळाचे मात्र बसत नाहीत. आमच्याकडे एक स्वाराची बाहुली म्हणजे वीस स्वार आणि बारा बाहुल्यांचे एक पथक. तोफेचा फासा लागला की बाहुली उचलायची, या नियमामुळे पथक तोफांपर्यंत पोहोचेतो अर्धे होते आणि हातघाईनंतर निकामीच ठरते. प्रत्यक्षात इंग्रजांचा सेनाधिकारी मॅक्सवेल याच्या घोडदळाने एकदा मुसंडी मारली, पाठलागात ते लांब गेले, पुन्हा गोळा होऊन लढाईत उतरले आणि त्यानंतरच्या चढाईत मॅक्सवेल मारला गेला. आमच्या टेबलावर ही दुसरी चढाई कधीच होत नाही. गोळा घोड्याला लागला आणि स्वार वाचला, तर ती बाहुली उचलावी की ठेवावी?

ठाणेकर:
उचलावी. बाहुली माणसाचा जीव दाखवत नसून घोड्यावर बसून लढू शकणारा स्वार दाखवते, हे एकदा मान्य केले की घोडा पडला की माणूस पडला हा प्रश्न उरत नाही. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाला सुमारे ६७० इंग्रज स्वारांनी तोफांवर घोडी घातली. त्यांतले मेले सुमारे ११०, पण परतल्यावर हजेरी घेतली तेव्हा घोड्यासह उभे होते केवळ १९५. मेलेले आणि जायबंदी एवढेच मोजले असते, तर ते पथक कागदावर बरेच शाबूत दिसले असते.

तुमची खरी चूक दुसरीकडे आहे, असे मला वाटते. पथक लढण्याजोगे राहत नाही याला मरण हे एक कारण. पांगापांग आणि घोड्यांना लागलेली धाप ही दुसरी दोन, आणि तुम्ही या तिन्ही गोष्टी बाहुली उचलून एकाच मापाने मोजता आहात. आम्ही लागलेल्या प्रत्येक फटक्यावर पुन्हा एक फासा टाकतो: १ किंवा २ पडले तर बाहुली उचलतो, अन्यथा पथकापाशी एक कवडी ठेवतो. दर कवडीमागे हातघाईतला एक फासा कमी होतो. पथक तोफांच्या टप्प्याबाहेर एक डाव स्वस्थ उभे राहिले तर दोन कवड्या निघतात. प्रत्येक मुसंडीनंतर मात्र एक चिंचोका ठेवतो, जो दर चालीत दोन इंच कापतो आणि खेळ संपेपर्यंत हलत नाही. अशाने दुसरी चढाई होते, पण ती पहिलीच्या वेगाने होत नाही.

पार्लेकर:
ठाणेकरांची पद्धत इंग्रज पथकांना शोभते. मराठी घोडदळात बारगिराचा घोडा सरकारचा किंवा सरदाराचा, तर शिलेदाराचा स्वतःचा. घोडा मेला की शिलेदाराचे पोटच गेले. तेव्हा फटका तोच असला तरी मनोधैर्याची कसोटी (पथक टिकते की पळते, हे ठरवणारा फासा) दोघांना सारखी असू नये. शिलेदारांच्या पथकाला पहिली बाहुली उचलताच कसोटी द्यावी, बारगिरांना तिसरी उचलल्यावर. पानिपत (१४ जानेवारी १७६१) मांडणार असाल, तर वैरणीवाचून खंगलेल्या घोड्यांसाठी मराठ्यांच्या प्रत्येक पथकाला आरंभीच एक चिंचोका द्यावा लागेल.

ठाणेकर:
शिलेदारांचा मुद्दा मान्य, पण पहिल्याच बाहुलीला कसोटी फार कडक होते. मराठ्यांकडून खेळायला मग कोणी बसणार नाही. दुसरी उचलल्यावर घ्यावी.

गिरगावकर:
दोघांचेही आभार. रविवारी ठाणेकरांच्या नियमाने खेळून पाहिले. मॅक्सवेलचे पथक सात बाहुल्या, दोन चिंचोके आणि एक कवडी घेऊन दुसऱ्यांदा तोफांवर गेले आणि तिथे मोडले, म्हणजे आम्हाला हवे होते तसेच झाले. शिलेदारांची कसोटी दुसऱ्या बाहुलीवर ठेवतो आहोत. असईला शिंदे-भोसल्यांचे घोडदळ बहुतांशी लढाईत उतरलेच नव्हते, त्यामुळे तिची खरी परीक्षा पानिपतातच होईल. उचललेल्या बाहुल्या डबीत टाकण्याऐवजी पायउतार झालेले स्वार म्हणून पिछाडीला उभे करावेत, अशी एकाची सूचना आहे. काळा घोडा चौकात २०१७ पासून स्वाराविना घोडा उभा आहेच. आम्हाला घोड्याविना स्वार हवेत आणि ते रंगवायला पावसाळ्यात बरेच दिवस लागतील, कारण आमच्या खोलीत या दिवसांत रंग वाळतच नाही.