नाशिकमध्ये रो-हाऊस घ्यावं की फ्लॅट?

आम्ही पाच जण, आई-बाबा सत्तरीचे. पाथर्डी फाट्याकडे एक डुप्लेक्स रो-हाऊस बघितलंय, खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम. अंगण बघून आई एकदम खूश, पण मला जिन्याची धास्ती वाटतेय. अनुभव सांगा प्लीज.

नाशिककर: खाली बेडरूम नसेल तर घेऊच नका! माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही हॉलमध्येच पलंग टाकला, पण खालच्या टॉयलेटचं दार इतकं अरुंद की वॉकर आत जाईना, शेवटी चौकट काढून दार मोठं करावं लागलं. बाकी सुख खूप आहे, पापड-कुरडया स्वतःच्या गच्चीवर वाळतात, गाडी दारात.

भिंतवाला: कॉमन भिंत नीट बघा. शेजाऱ्यांच्या बाथरूमची ओल आमच्या जिन्यात उतरली, त्यांना फोडायला तयार करण्यात दोन पावसाळे गेले. बघायला जाल तर पावसात जा, आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंग, पाण्याची मोटर सगळं आपल्याच खिशातून हे लक्षात ठेवा.

मीनल: कागदं आधी वकिलाला दाखवा, एनए ऑर्डर (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश), मंजूर नकाशा, भोगवटा दाखला (इमारत वापरायला दिलेली परवानगी). पूर्ण स्कीमचा प्लॉट 500 चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असली तर रेरा (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी लागत नाही, त्यामुळे छोट्या स्कीममध्ये तपासणी आपल्यालाच करावी लागते.

प्रश्नकर्ता: थँक्यू सगळ्यांना. रविवारी टेप घेऊन जातो, खालच्या टॉयलेटचं दार आधी मोजतो.