भर पावसात सॅकमधले सामान कोरडे कसे ठेवावे?

प्रश्न
सलग काही दिवस पावसात पायी फिरण्याचा बेत आहे. सॅकला रेनकव्हर आहे. तरीही तासभर जोराचा पाऊस लागला, की पाठीकडचे कपडे दमट होतात आणि तळाची स्लीपिंग बॅग तर चक्क भिजते. कव्हर कुठेही फाटलेले नाही. अधिक चांगले कव्हर घ्यावे, की वॉटरप्रूफ सॅकच घ्यावी?

उत्तर १
दोन्हींची गरज वाटत नाही, कारण पाणी बहुधा कव्हरमधून येतच नसावे. कव्हर सॅकची बाहेरची बाजू झाकते, पण खांद्याचे पट्टे आणि पाठीला टेकणारी बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळणारे पाणी तिथल्या जाड गादीत मुरते, शिवणींतून आत शिरते आणि उरलेले कव्हरच्या तळाशी साचते. तुमची स्लीपिंग बॅग नेमकी त्या डबक्यावर बसलेली असते. (कव्हरच्या तळाला पाणी निघून जायला छिद्र आहे का, तेवढे पाहून घ्या.) सॅकच्या आत जाड प्लास्टिकची एकच मोठी पिशवी अस्तरासारखी बसवा, सामान तिच्यात भरा, हवा दाबून काढा, तोंडाला घट्ट पीळ द्या आणि तो पीळ दुमडून रबराने बांधा. कव्हरही राहू द्या. त्यामुळे सॅकचे कापड पाणी पिऊन जड होत नाही.

उत्तर २
सहमत. स्लीपिंग बॅग मात्र वेगळ्या ड्राय बॅगेत (तोंड घड्या घालून बंद करायच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) ठेवावी, विशेषतः ती पिसांची असेल तर, कारण भिजलेली पिसे गोळा होतात, त्यांच्यात हवा अडकून राहत नाही आणि ऊब जाते. ड्राय बॅग गळ्यापर्यंत भरू नये. तोंडाला निदान तीन घड्या बसायला हव्यात. जुनी असल्यास हवा भरून, तोंड बंद करून दाबून पाहा. आतला लेप सुटू लागला असेल, तर हवा हळूहळू निघून जाते. फोन पाणी रोखण्याच्या 'आयपीएक्स७' दर्जाचा असला, तरी त्या दर्जाची चाचणी 1 मीटर खोल स्थिर पाण्यात 30 मिनिटांची असते. ओल्या पोर्टमध्ये चार्जर खुपसायला त्याने मोकळीक मिळत नाही.

उत्तर ३
वर एक गोष्ट राहिली. बाहेरचे पाणी अडवले, तरी ओला रेनकोट किंवा तंबूचे ओले कापड आपणच त्या अस्तरात कोंबले, तर रात्रीपर्यंत सगळेच दमट होते. ओल्या वस्तू अस्तराच्या बाहेर, शक्यतो बाहेरच्या खिशात ठेवाव्यात. झोपताना घालायचा कोरडा जोड चालताना मुळीच वापरू नये. सकाळी पुन्हा कालचेच ओले कपडे चढवणे नकोसे होते खरे, पण चालू लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्याचे काही वाटत नाही.