विहिरींची पातळी मोजून उसाचं क्षेत्र ठरवता येतं का? (अथणी भाग)

प्रश्न: अथणीकर
नमस्कार मंडळी. अथणी तालुक्यातलं, कालव्याचं पाणी न पोचणारं गाव, खाली काळा खडक. विहिरींची पातळी मोजून पंचायतीच्या भिंतीवर लिहायचं चाललंय. मोजायची कशी नि कधी? त्या आकड्यातून काय काढायचं? आणि बंद पडलेल्या बोअरमध्ये पावसाचं पाणी सोडावं का?

मोजणीदार
वरचा माळ, मधला भाग नि ओढाकाठ मिळून आठ-दहा विहिरी निवडा. काठावर ऑइल पेंटने खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. खूण जमिनीपासून किती उंच आहे ते एकदा मोजून वजा करायचं. विहिरीत टेपला वजन बांधून सोडलं की झालं.

बोअरमध्ये मात्र टेप मोटारीच्या केबलमध्ये अडकतो. पुढच्या वेळी मोटार वर काढाल तेव्हा अर्धा इंची पीव्हीसी पाइप कॉलम पाइपला (मोटारीचं पाणी वर आणणाऱ्या पाइपला) बांधून मोटारीच्या जरा वरपर्यंत सोडून ठेवा. त्यातून टोकं सोललेली दोन तारांची वायर, वरती मल्टिमीटर. टोक पाण्याला लागलं की काटा हलतो. पाइपच्या आतल्या ओलीनेही हलतो, म्हणून दोन-तीनदा वरखाली करून खात्री करा.

थ्री फेज वीज येऊन मोटारी सुरू व्हायच्या आधी मोजा. शेजारची मोटारसुद्धा बारा तास बंद हवी, नाहीतर तुम्ही उपशाचा खड्डा मोजता, गावची पातळी नव्हे. महिने जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. केंद्रीय भूजल मंडळही याच महिन्यांत मोजतं, म्हणजे ताडून बघता येतं.

शाळूवाला
हिशेब असा करा. गावचं क्षेत्र 500 हेक्टर आणि मे ते नोव्हेंबर पातळी सरासरी 3 मीटर चढली असं धरू. कुजलेल्या किंवा मांजऱ्या (बारीक पोकळ्या असलेल्या) खडकात पाणी धरणारी नि सोडणारी जागा सरकारी मोजणीत 2 टक्के धरतात. 50 लाख चौरस मीटर × 3 × 0.02 = 3 लाख घनमीटर, म्हणजे 30 कोटी लिटर. 3,000 माणसांना रोज 55 लिटर धरले तर वर्षाला 6 कोटी पिण्याचे गेले. उरले 24 कोटी.

उसाला वर्षभरात साधारण 1,800 मिमी पाणी लागतं. तुमच्याकडच्या पावसातलं 400 मिमी कामी आलं तरी 1,400 मिमी विहिरीतून काढावं लागतं, म्हणजे हेक्टरी 14,000 घनमीटर. 24 कोटी लिटरमध्ये 17 हेक्टर, जेमतेम 42 एकर ऊस निघतो! शाळूला 60 मिमीची दोन पाणी दिली तर तेवढ्याच पाण्यात 200 हेक्टर भिजतं. पाटाच्या पाण्यातलं थोडं परत मुरतं, म्हणून आकडा ढोबळ आहे, पण भिंतीवर हाच मोठ्या अक्षरात लिहा. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर नवा ऊस लावला तर पातळी वर येत नाही, हेही ग्रामसभेत स्पष्ट सांगा.

पाणी कमी पडलं म्हणून कुणी बोअर आणखी खोल न्यायचं म्हणत असेल, तर एक सांगतो. अखंड काळ्या पाषाणात हीच जागा 0.35 टक्के धरतात. साठा वरच्या थरातच असतो. 600 फुटांवरची भेग बहुतेक वेळा तोच साठा, म्हणजे शेजाऱ्याची विहीर, रिकामी करते.

फिल्टरखड्डा
खड्डा खणायच्या आधी चाचणी घ्या. बंद बोअरमध्ये 5,000 लिटरचा स्वच्छ पाण्याचा टँकर सोडा आणि 10, 30, 60 मिनिटांनी पातळी बघा. पाणी वरच तटून राहिलं तर भेगा पाणी घेत नाहीत, पैसे घालू नका.

घेत असेल तर केसिंगभोवती (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपभोवती) 10×10×10 फूट खड्डा. केसिंगच्या उघड्या भागाला खालच्या सहा फुटांत 5-6 मिमीची भोकं, त्यावर नायलॉन जाळीचे दोन वेढे. तळाला 4 फूट मोठे दगड, मग 2 फूट 40 मिमी खडी, 2 फूट 20 मिमी खडी, जाळी, वर दीड फूट जाड वाळू. खड्ड्याआधी गाळ बसायला 6×6×4 फुटांचा वेगळा खड्डा हवाच. काळ्या रानातला बारीक गाळ एका पावसाळ्यात भेगा लिंपून टाकतो, आणि एकदा लिंपलेली भेग परत सहजी उघडत नाही. दरवर्षी मिरगाआधी वरची चार इंच वाळू बदला.

गटाराचं किंवा औषध मारलेल्या रानातलं पाणी कधीच सोडू नका. त्यातली घाण नि औषध गाळणीत अडकत नाही, थेट पिण्याच्या विहिरींत उतरतं.

केसिंगचं तोंड पोलादी झाकण वेल्डिंग करून बंदच ठेवा. 2017 च्या एप्रिलमध्ये तुमच्याच तालुक्यात झुंजरवाडला उघड्या बोअरने एका लेकराचा जीव घेतला. जे बोअर वापरायचं नाही ते तळापासून दगड-मातीने भरून घ्या.

जांभ्याकडचा
आमच्या बेळगावच्या खानापूरकडच्यांनी ही खड्ड्याची पद्धत उचलू नये. इकडे पाऊस भरपूर, जांभा पाणी झटकन पितो नि तितक्याच झटकन ओढ्याला सोडतो. इथं पाणी मुरवण्यापेक्षा अडवण्याची गरज आहे. पाऊस ओसरला की ओढ्यावर दर दोन-तीनशे मीटरवर मातीच्या पोत्यांचे बांध घाला, वाहतं पाणी आटायच्या आत.

अथणीकर
धन्यवाद. फळा कन्नडमध्ये की मराठीत?

मोजणीदार
दोन्हीत. विहिरीचं नाव, तारीख, या वेळची पातळी, गेल्या वर्षी याच महिन्यातली पातळी. चारच रकाने ठेवा, आणि पातळी फुटांत लिहा.