ट्यूबावाल्याने ग्रुप चालवायचा तरी कसा?

मागचीखुर्ची: आमच्या ब्रास क्विंटेटचं (पाच पितळी फुंकवाद्यांचा ग्रुप) सगळं पहिला ट्रम्पेटवाला बघायचा. तो सोडून गेला आणि बाकीच्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी ट्यूबा वाजवतो, म्हणजे सगळ्यात खर्जातलं अवजड पितळी वाद्य, अकरा वर्षं मागे बसून पुंप-पुंप केलंय. कालच्या तालमीत सुरुवातीचा इशारा द्यायला मान हलवली, तर ट्यूबाही हलला, माउथपीस ओठांवरून सटकला. चौघं सुरू झाले, मीच राहिलो. दोन्ही हात अडकलेले, तोंड अडकलेलं. या वाद्यावरून पुढारपण जमतं का हो?

खर्जवाला: मानेचा नाद सोडा, श्वास द्या. पहिल्या सुराआधीच्या मात्रेवर, लयीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घ्यायचा. हळू गत असेल तर संथ, जलद असेल तर झटक्यात. फुंकणाऱ्यांना तो बघावा लागत नाही, तेही आपसूक तुमच्याबरोबर श्वास घेतात.

दुसरं म्हणजे सूर. कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा) षड्ज बहुतेक वेळा तुमच्याकडेच असतो, हा हक्क वापरा. तुम्ही तो धरून ठेवा, मग पंचम, शेवटी गंधार. गंधारवाल्याला सांगा, ट्यूनरकडे बघू नकोस, साधारण 14 सेंट उतर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). कॉर्ड जुळली की खोलीच गुंजते. हे पहिल्या ट्रम्पेटला वरून करता येत नाही. (तो कबूल करणार नाही, ते सोडा.)

सूझाफोन_४२: जमतं का काय विचारता राव! न्यू ऑर्लिन्सचा रिबर्थ ब्रास बँड ज्यांनी 1983 मध्ये उभा केला त्यांत फिल फ्रेझर होता, सूझाफोनवाला (सूझाफोन म्हणजे अंगाभोवती घालायचा ट्यूबाच). कॅनेडियन ब्रास हा क्विंटेट 1970 पासून चाललाय, त्याच्या दोन संस्थापकांपैकी चक डेलेनबाख ट्यूबावालाच.

रिकामे_बार: संगीतकार द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीत ट्यूबाला चारपैकी अख्ख्या तीन मोव्हमेंट (भाग) सुट्टी आहे, दुसरीत काय ते मोजके सूर. इतका वेळ गप्प बसून दुसऱ्यांचं ऐकणारा माणूस ऑर्केस्ट्रात दुसरा कोण? फक्त एक करा, तालमीच्या तारखा ठरवायचं काम हॉर्नवाल्याच्या गळ्यात घाला.

मागचीखुर्ची: आज श्वासाचं करून पाहिलं. पाचही जण एकत्र सुटलो! हॉर्नवाला मात्र म्हणाला, जरा हळू घे, घोरतोयस असं वाटतं. तारखांचं त्याला अजून सांगितलेलं नाही.