किडनीत बुडालेली गाठ : रोबोटिक पार्शलमध्ये ड्रॉप-इन प्रोबवर कड दिसेना

ओटी टेक्निशियन, लातूर
रोबोटनं पार्शल नेफ्रेक्टमी, म्हणजे किडनी ठेवून फक्त गाठ काढायची. ३ सेंमीची गाठ, पूर्ण आत, वरून फुगवटा नाही. १२ मिमीच्या असिस्टंट पोर्टमधून (मदतनिसाचं छिद्र) सोनोग्राफीचा ड्रॉप-इन प्रोब आत जातो, टाइलप्रोवर (सर्जनच्या पडद्यातली जादा खिडकी) चित्रही येतं. पण अर्धं चित्र काळ्या उभ्या पट्ट्यांनी झाकलेलं, अन् मधेच सगळीकडं मुंग्या (टीव्हीसारखे ठिपके). गेन (चित्राचा उजेड) वाढवून काही फरक पडंना. मशीनचं काही चुकायलंय का?

रेडिओलॉजिस्ट, छ. संभाजीनगर
गेन होता तिथं आणा. उभा पट्टा म्हणजे तिथं प्रोब टेकलेला नाही, मधे हवा आहे. किडनी गोल, प्रोब सपाट, त्यामुळं टोकं उचलली जातात. असिस्टंटला सक्शन-इरिगेशनमधून सलाईन सोडायला सांगा, जेल लागत नाही. मुंग्या कॉटरीच्या (विजेनं जाळायचं हत्यार) आहेत, पेडल सोडलं की जातील. ७ ते १० मेगाहर्ट्झ, डेप्थ ५-६ सेंमी, फोकस गाठीच्या तळाशी.

यूरोसर्जन, नांदेड
चरबी काढली का? जेरोटाच्या (किडनीभोवतीचं आवरण) आतली चरबी किडनीवर राहिली तर सलाईन कितीही सोडा, चित्र धुरकटच. गाठ आत असल्यानं कॅप्सूल (किडनीची पातळ साल) मोकळी करायलाच लागते.

प्रोब आत टाकण्याआधी एका टोकाला बोट लावून पडद्यावर कुठली बाजू हलते ते बघून ठेवा. डावं-उजवं उलटं झालं तर खुणा उलट्या बाजूला पडतात, आणि हे फार सहज होतं. प्रोबच्या पाठीवरचा पंख (फिन) प्रोग्रास्पनं, म्हणजे रोबोटच्या चिमट्यानं, धरून आधी आडवं, मग उभं स्कॅन करा. कड दिसली की कात्रीचं टोक प्रोब आणि किडनीच्या मधे सरकवा. टोकाची सावली कडेवर पडली की तिथून ५ मिमी बाहेर कॉटरीचा ठिपका. ठिपके सोडून स्कॅन संपेपर्यंत कॅप्सूल जाळू नका, जळक्या जागेखालचं नीट दिसत नाही. कॅप्सूलपासून तळ किती खोल, तळापासून कलेक्टिंग सिस्टिम (लघवी गोळा होण्याची पोकळी) किती दूर, ही मोजमापं किडनीच्या धमनीला क्लँप लावायच्या आधीच घ्या. क्लँप लागल्यावर प्रोबचं काम एकच : कलर डॉप्लर (वाहतं रक्त रंगात दाखवणारा मोड). रंग दिसलाच तर दुसरी धमनी सुटलीय किंवा बुलडॉग (धमनीवरचा क्लँप) नीट बसलेला नाही.

गाठ पडद्यावर किडनीच्याच रंगाची दिसत असली तर बी-मोडवर (साधं काळं-पांढरं चित्र) कड मिळणारच नाही. तेव्हा टाइलप्रोच्या दुसऱ्या खिडकीत सीटी लावा आणि डॉप्लरवर गाठीला वळसा घालून जाणाऱ्या रक्तवाहिन्या शोधा.

सीएसएसडी (निर्जंतुकीकरण विभाग)
प्रोब ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेचं यंत्र) घालू नका. प्लाझ्मा की ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू), ते कंपनीच्या पुस्तिकेत बघूनच. केबल चिमट्यात धरू नका, आतली तार तुटली की पडद्यावर कायमची काळी रेघ; ती सलाईननं जात नाही. आणि सोनोग्राफी मशीन फक्त किडनीसाठी वापरलं तरी पीसीपीएनडीटीची (गर्भलिंग निदानबंदी कायदा) नोंदणी लागतेच.