कीव : सायरन झाल्यावर मेट्रो पूल ओलांडत नाही, भावाची परीक्षा आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ युक्रेनची राजधानी कीवमध्ये मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. 2022 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर भारत सरकारच्या ऑपरेशन गंगातून घरी आला, मग डिग्री अर्धवट राहू नये म्हणून पोलंडमार्गे रेल्वेने परत गेला. आता त्याची क्रोक-2, म्हणजे तिथल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना द्यावी लागणारी सरकारी परीक्षा, जवळ आली आहे आणि आम्हा घरच्यांना एकच घोर लागला आहे, तो वेळेवर पोचेल ना?

त्याची खोली द्निप्रो नदीच्या डाव्या काठावर, लिसोवा स्टेशनजवळ. परीक्षा उजव्या काठावर, शहराच्या मध्यभागी क्रेश्चातिक स्टेशनच्या बाजूला. मेट्रोची लाल लाइन थेट जाते, एरवी काही अडचण नाही. पण हवाई हल्ल्याच्या अलर्टचा सायरन झाला की गाड्या नदीवरच्या उघड्या पुलावर येत नाहीत, उजव्या काठाच्या भुयारी भागातच फिरतात. डाव्या काठावर या लाइनची सगळी स्टेशनं जमिनीवर, म्हणजे तिथे नीट आसराही नाही. बस, ट्रॉलीबस वाटेत थांबतात आणि सगळ्यांना उतरवतात, असं तो सांगतो. अलर्ट कधी थोडक्यात संपतो, कधी काही तास चालतो. आदल्या रात्री निघावं तर बारा ते पाच संचारबंदी.

तिकिटाचंही विचारायचं आहे. तो कीव डिजिटल अ‍ॅपमधून क्यूआर तिकीट काढतो, सायरनची सूचनाही त्यातच येते. अलर्टमध्ये आसऱ्याला खाली जायला पैसे लागत नाहीत हे कळलं. पण वीज गेली, फोन बंद पडला, तर गेटमधून आत कसं जायचं? तिथे राहिलेल्या कुणी कृपया सांगा. खोली बदलावी का?

प्रतिसाद :
ताई, मी तिथेच शिकलो. परीक्षेच्या आठवड्यात त्याला उजव्या काठावर राहायला लावाच, यात दुसरा विचार नको. शुल्याव्स्का किंवा पोलितेखनिच्नी इन्स्तितुत या लाल लाइनवरच्या स्टेशनांच्या आसपास मित्राकडे सोय बघा. तिथून क्रेश्चातिकपर्यंत सगळा मार्ग भुयारी आहे, अलर्टमध्येही गाडी मिळते. पोझ्नियाकी, ओसोकोर्की ही हिरव्या लाइनवरची स्टेशनं डाव्या काठावर असूनही जमिनीखाली आहेत, आसऱ्याला चांगली. पण त्या लाइनचाही पूल उघडाच, त्यामुळे परीक्षेच्या दृष्टीने उपयोग नाही.

फोनवर अवलंबून राहू नका. मेट्रोच्या गेटवर बँकेचं कार्ड नुसतं टेकवून चालतं, ते आणि शहराचं प्लास्टिकचं प्रवास कार्ड दोन्ही खिशात हवीत. पासपोर्ट कायम जवळ ठेवावा, रस्त्यात तपासणी होते. आणि परीक्षेच्या वेळी अलर्ट झाला तर पेपर कधी सुरू होणार, हे डीनच्या ऑफिसातून आधीच लेखी घ्यायला सांगा.

धागाकर्ती :
मनापासून आभार, दादा. शुल्याव्स्काला त्याचा एक वर्गमित्र राहतो, आजच बोलायला सांगते. तिथल्या होस्टेलमध्ये पाहुण्याला आठवडाभर राहू देतात का? आधी परवानगी काढावी लागते का?