मदत हवी आहे: नागपुरात वासुदेव नगर ते मिहान रोज कसं जायचं?

नमस्कार मंडळी. वासुदेव नगरहून मिहानला (विमानतळाजवळचा कंपन्यांचा परिसर) ऑफिस, शिफ्ट 9 ची. मेट्रोनं आधी उलटं सीताबर्डीला जा, अॅक्वा लाइन सोडून ऑरेंज लाइन पकडा, खापरीला उतरा. तिथून ऑफिसच्या गेटपर्यंत पुन्हा वाहन हवंच! मे महिन्यात हेल्मेट घालून गाडी चालवली तर पोचेपर्यंत शर्ट पिळून घ्यावा लागतो. म्हणून अॅपवरून ऑटो मागवतो. दारातून बसायचं, भावाची घासाघीस नाही. पण काल ड्रायव्हरनं फोनवर विचारलं, "भाऊ, कुठं जायचं?" मिहान म्हणताच राइड कॅन्सल. लेटमार्क माझा!

मिहानवाले कसे जातात? महिन्याच्या बोलीवर ऑटो परवडतो का? कोणी कार शेअर करत असेल तर पेट्रोलचा वाटा देईन.